दोन टिंबांच्या ओळी

साहेब, चूक तुमची आहे. माझी नाही, अर्हमची नाही, त्या छपाईच्या नव्या साधनाची तर मुळीच नाही. मी तुमच्या केबिनच्या दारात उभी राहून म्हटलं होतं, "एक दिवस द्या. पुस्तिका बाहेर जायच्या आधी एकदा वाचू द्या." तुम्ही स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवलीत. "एकही चूक नाही म्हणतंय ना? मग पाठवा."

पाठवली. आणि चोपड्यापासून शिरपूरपर्यंत एकेका जिनिंगवाल्याने वाचलं की एका मुलाला मी आवडते... मी त्या मुलाला उत्तर द्यायच्याही आधी!

तुम्हाला हे माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांना सांगते.

मी दिपमाला. चोपड्याची, केळीवाल्या पाटलांची. नोकरी जळगावला. आमची कंपनी कापसाच्या जिनिंगसाठी, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर करते. गाडी काट्यावर आली, वजन झालं, हिशेबाची पट्टी निघाली, गाठी बांधल्या, सगळं त्यात. ते कसं वापरायचं याची एक जाडजूड पुस्तिका असते. ती लिहायची मी. वाचायचं कुणीच नाही.

पुस्तिका साध्या मजकुरात लिहायची आणि मध्ये खुणा पेरायच्या. अमुक खुणेने मथळा होतो, तमुक खुणेने तक्ता. आणि ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं दिली की ती ओळ छापलीच जात नाही. ती फक्त लिहिणाऱ्यांसाठी, आतल्या आत. कंपनीने छपाईचं नवं साधन आणलं आणि त्याला आमच्या जुन्या खुणा कळेनात. तक्ते फाटले, मथळे एकमेकांच्या अंगावर गेले. म्हणून जुन्या खुणा काढून नव्या घालायचं काम निघालं. अर्धे धडे जळगावला, अर्धे धुळ्याच्या ऑफिसला. 'काटा शून्यावर आणणे' हा धडा मात्र कुणाच्या तरी गलथानपणाने दोन्हीकडे गेला.

त्या धड्यात आम्ही भेटलो.

सकाळी फाइल उघडली, तर माझ्या तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ.

.. हा तक्ता ज्याने बांधला, त्याला सरकीच्या पोत्यात भरा.

माझं डोकंच फिरलं. खाली लिहिलं —

.. ज्याने नाही, जिने. पोतं घेऊन जळगावला या. बघू कोण कुणाला भरतं. — दि.

दुपारपर्यंत धुळ्याहून उत्तर.

.. चुकलं, ताई. — अ.

.. ताई म्हणू नका.

.. मग काय म्हणू?

मी कंडक्टरशी भांडते, घरमालकिणीशी भांडते, केळीच्या भावावरून बापाशी भांडते. पण या एका ओळीपाशी माझं बोट कीबोर्डवर नुसतं राहिलं... मग लिहिलं —

.. आधी तक्ता नीट करा.

त्याने केला. सुंदर केला. एकही रेघ वाकडी नाही. मला राग आला, कारण मला तो आवडला. तक्ता, म्हणजे.

मग रोजचंच झालं. काम करता करता दोन टिंबं द्यायची आणि बोलायचं. नंबर मागायची त्याची हिंमत नव्हती, द्यायची मला घाई नव्हती. तो अर्हम, जैन घरातला, वडलांचा कापसाचा व्यापार. कांदा नाही, लसूण नाही, वांगंसुद्धा नाही. मी लिहिलं, "वांगं खायचं नव्हतं तर खान्देशात जन्माला आलात कशाला?" त्याने लिहिलं, "भरताचा धूर दुरून घेतो. त्याला बंदी नाही." मी हसले. शेजारच्या खुर्चीवरची ज्योती म्हणाली, "वजनकाट्याच्या धड्यात एवढं हसण्यासारखं काय गं?"

त्या दोन टिंबांचं नव्या साधनात काय करायचं, ते शेवटी बघू असं आम्ही ठरवलं होतं. शेवट आलाच नाही, साहेब. तुम्ही आलात.

पण त्याआधी पारोळा.

पारोळ्याच्या बाजार समितीत जिनिंगवाल्यांना नवं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. मला पाठवलं. धुळ्याहून कोण येणार ते कुणी सांगितलं नव्हतं. मी चहाच्या टपरीवर उभी. माझ्याकडे पाठ करून एक उंच मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "जळगावची ती पोरगी काय लिहिते रे! वाचताना वाटतं, समोर उभी राहून ओरडतेय."

"ओरडत नाही," मी मागून म्हटलं. "माझा आवाजच असा आहे."

तो वळला. चहा त्याच्या बोटांवर सांडला. चटका बसला असणार, पण तो नुसता बघतच राहिला.

"तुम्ही... दि?"

"आणि तुम्ही अ. अख्ख्या बाराखडीत एवढीच अक्षरं उरली होती का?"

तो हसला. वाटेत कुठल्या तरी जिनिंगमध्ये जाऊन आला होता. शर्टावर रुई, केसांत रुई, डाव्या भुवईवर रुईचा एक पांढरा धागा. तो बोलला की धागा हलायचा. मी ग्राहकांना गाठींचा हिशेब समजावत होते आणि डोळे सारखे त्या धाग्याकडे. शेवटी राहवलं नाही. सगळ्यांसमोर हात पुढे केला, धागा काढला आणि पुढचा मुद्दा बोलायला लागले. पुढचा मुद्दा काय होता, ते आजही आठवत नाही.

परतताना माझी बस आधी लागली. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही. नीट जा."

"एवढंच?"

"पाणी आहे ना बाटलीत?"

बस सुटली. मी रागाने एरंडोलपर्यंत बाटली उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धड्यात, त्याच तक्त्याखाली —

.. दिपमाला, मला तू आवडतेस. पारोळ्याला तोंडातून निघालं नाही. काटा शून्यावर आणायला मी लोकांना शिकवतो, पण तुझी बस गेल्यापासून माझाच काटा हलतोय. जमलं तर उत्तर दे. नाही जमलं तर तक्ता तरी तपास.

'तू' होतं. पहिल्यांदाच. उत्तर मला लगेच माहीत होतं, पण ते घाईत लिहायचं नव्हतं. म्हटलं, दुपारी निवांत लिहू.

दुपारी तुम्ही फाइली उचलल्यात, साहेब. नव्या साधनाला दोन टिंबं म्हणजे नुसती दोन टिंबंच वाटली. त्याने सरकीच्या पोत्यापासून 'आवडतेस'पर्यंत सगळं इमानदारीत छापलं. चूक एकही नाही. हिरवी खूण. संध्याकाळी पुस्तिका ई-मेलने सगळ्या जिनिंगांना गेली.

दुसऱ्या दिवशी मदतीचा फोन थांबेचना. पहिला शिरपूरचा. "ताई, काटा शून्यावर आला. पण त्या पोराचं पुढे काय झालं? पुढचं पान आलंच नाही." दुसऱ्याला पान मोठं छापून ऑफिसात लावायचं होतं. आजवर पुस्तिका कुणी उघडली नव्हती, आणि आता लोक पान क्रमांक सांगून बोलत होते! ज्योतीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काल तिच्या डोळ्यांदेखत कुणाचा खून केला होता.

तेवढ्यात आईचा फोन. प्रमिलाबाई, अस्सल अहिराणीत. "दिपू, तुनं नाव पुस्तकमा छापी येल शे म्हने! बठ्ठा चोपडामा बोंब शे. कोन शे तो पोऱ्या?"

"असू दे अख्ख्या चोपड्यात बोंब, आई. नंतर बोलते."

"नंतर काय? पोऱ्या चांगला शे का नई, तेवढं सांग!"

उत्तर द्यायच्या आत तुम्ही बोलावलंत. टेबलावर ते पान. भिंतीवरच्या स्क्रीनवर धुळ्याचं ऑफिस आणि त्यात अर्हम, पांढराफटक. तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे दिपमाला एकच आहे. उद्यापासून तिने यायचं नाही."

मी तोंड उघडलं. पण स्क्रीनवरून आधी आवाज आला.

"सर, ते खरं नाहीये."

मी वर बघितलं.

"चाचणीचा मजकूर आहे, सर. नवं साधन तपासायला मीच काहीबाही टाइप केलं. दोघांच्या नावाने, मीच. नाव... असंच. मनात आलं ते."

"म्हणजे या मुलीचा काही संबंध नाही?"

"नाही, सर."

तुम्ही सुटल्यासारखे हसलात. "तरीच म्हटलं!" मी हसले नाही. अख्ख्या खान्देशाने ती ओळ वाचली याचा धक्का मी सकाळीच पचवला होता. हा पचेना. खोटं? तो हलणारा काटा खोटा? मी स्क्रीनकडे बघत होते. तो टेबलाकडे बघत होता.

जागेवर येऊन बसले तर पुन्हा फोन.

"बाई, मी प्रकाशचंद बोलतोय, धरणगावहून. आपली जिनिंग आहे. ते तुमचं पान वाचलं."

"ते चुकून छापलं गेलं, काका. नवीन प्रत पाठवतो."

"नवीन नको. हीच बरी आहे. मला एवढंच सांगा, मुलीने उत्तर काय दिलं?"

"दिलं नाही अजून."

"का?"

सगळा दिवस दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "कारण मुलगा म्हणतो, ते खोटंच होतं. सगळ्यांसमोर म्हणाला."

"हात्! असलं कोणी खोटं लिहितं का? कोण हा गाढव?"

"धुळ्याच्या ऑफिसात आहे. अर्हम नाव."

फोनवर नुसती जिनिंगची घरघर.

"काका?"

"माझा मुलगा तुमच्याच कंपनीत आहे, बेटा. धुळ्यालाच." आवाज एकदम खाली आला होता. "अर्हमच."

हेडफोन माझ्या हातातून सुटून टेबलावर पडला. मी त्यांच्या मुलाला... नाही, गाढव तेच म्हणाले होते. पुन्हा कानाला लावला. ते तिथेच होते.

"तूच का ती दिपमाला?"

"हो."

"वांगं खातेस?"

"खाते, काका." खोटं कशाला बोलू?

"हं. तारादेवींना, म्हणजे त्याच्या आईला, अवघड जाईल. मलाही जाईल. पण ते आमचं आम्ही बघू. तो लहानपणापासून असाच. बोलायचं तिथे मुका. त्याला समोर बसव आणि विचार. फोनवर नको. फोनवर निसटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची बस पकडली. रजा मागितली नाही, साहेब. ती तुम्ही दिली नसतीत.

धुळ्याच्या ऑफिसात तो कोपऱ्यातल्या टेबलावर होता. समोर तोच धडा उघडा. दोन टिंबांच्या ओळी एकेक करून पुसत होता. मला बघून उभा राहिला, खुर्ची मागे पडली. आजूबाजूचे टाइप करायचे थांबले.

"बाहेर बोलू या का?" तो पुटपुटला.

"नाही. तू सगळ्यांसमोर खोटं ठरवलंस ना? आता सगळ्यांसमोरच बोल. ती ओळ खरी होती का?"

"तुझी नोकरी जात होती, दिपमाला. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला विचारलंस? नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. पण माझ्या आयुष्यात कुणी पहिल्यांदा तसं काही लिहिलं, आणि तू एका दमात ते रद्दी करून टाकलंस. माझ्या तोंडावर! मी रात्रभर हाच विचार केला, की लिहिताना खोटं बोलला की नंतर?"

"नंतर," तो म्हणाला. एवढंच. मग मान वर केली. डोळे भरले होते, पण या वेळी टेबलाकडे वळले नाहीत. "नंतर खोटं बोललो. लिहिताना नाही. मला तू आवडतेस. तुझा ओरडणारा आवाज आवडतो. तू माझ्या भुवईला हात लावलास, तेव्हा मी गाठी मोजायचं विसरलो आणि त्या चोपड्याच्या माणसाला चुकीचा आकडा सांगितला. आता... आता सरांना फोन करून सांगतो, की मजकूर खरा आहे. मला काढायचं तर काढा."

"कर."

त्याने केला. सगळ्यांसमोर, फोन स्पीकरवर ठेवून. तुम्ही काय म्हणालात ते इथे लिहीत नाही, साहेब. तुमच्याही घरी मुलं असतील. पण त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही, आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे मनसोक्त बघितलं.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "मी सांगितलं. तू अजून काहीच सांगितलेलं नाहीस."

आणि मी, जी कुणालाही काहीही बोलते, माझी जीभ टाळूला चिकटली. सगळं ऑफिस बघत होतं. खिडकीबाहेर कापसाची गाडी गेली.

"हो," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. त्या पोत्यापासून."

तो हसला. पारोळ्याला हसला होता तसा नाही, त्याहून मोठा. त्याने हात पुढे केला आणि मी तो धरला. त्याची बोटं गार होती.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय! तुझ्या वडलांना माहीत आहे. माझी आई विचारतेय पोऱ्या कसा आहे. सगळ्या जिल्ह्याने वाचलंय. फक्त तूच माझ्या दारात आलेला नाहीस. चोपड्याला कधी येतोस? 'बघतो' नाही, 'विचारतो' नाही. दिवस सांग, अर्हम. आत्ता सांग."