'बाहेर गेलेत'चं बटण

नवा बॉयलर बसवला आणि आठवड्याभरात आई गेली.

नाही. असं काही झालेलं नाही. चुकून लिहिलं गेलं. तुम्हीही वाचलं नाहीत असं समजा. आई बरी आहे. आत्ता स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली आहे.

बाकी सगळं मात्र खरं आहे.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात, मला माहीत आहे. ही दुपारी सुरू झाली, कारण बॉयलरचे मिस्त्री रात्री येत नाहीत. ठिकाण ताएबेक, आमचं बंद पडलेल्या कोळसा खाणींचं गाव. दिवस दोंगजीच्या सणाचा. रात्र हवीच असेल तर ती पुढे होती, वर्षातली सगळ्यात मोठी.

दोंगजीला घरोघरी लाल चवळीची पेज शिजते. भुतं लाल रंगाला भितात म्हणून दारावरही शिंपडतात.

यंदा आईने पेज केली नाही.

"का गं?" मी विचारलं.

"तुझे बाबा दारातूनच माघारी गेले तर?"

बाबा गेल्या हिवाळ्यात वारले. खाणीतली धूळ छातीत घेऊनच निवृत्त झाले होते.

आमच्याकडे जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं, त्यावर घर तापतं. भिंतीवर एक छोटा डबा असतो. त्याच्यावर दोन बटणं. एक 'गरम'. दुसरं 'बाहेर गेलेत'. दुसरं घराला कुलूप लावून जाताना दाबायचं, म्हणजे नळ्या गोठणार नाहीत इतपतच धग राहते.

बाबा घरात बसून 'बाहेर गेलेत' दाबायचे.

"बॉयलरला काय कळतंय आपण कुठे आहोत ते!" असं म्हणायचे, आणि जाड कोट घालून बसायचे. माझं अख्खं बालपण असं घरात बसून परगावी गेलं.

जुन्या बॉयलरचं धुराडं तडकलं होतं. गॅसवाल्यांनी त्याच्यावर लाल चिठ्ठी डकवली होती, आईने ती खरवडून काढली होती. मग एक दिवस आई त्या धुराने बॉयलरच्या खोलीच्या उंबऱ्यात बेशुद्ध सापडली. तेव्हा मी तिला न विचारताच प्यो मिस्त्रीला बोलावलं.

आईला दुसरा बॉयलर नको होता. का, तेही सांगतो.

खोलीत एक कोपरा आहे, तिथे जमीन सगळ्यात जास्त तापते. बाबा तिथे झोपायचे. जमिनीला चिकटवलेला कागद तिथे भाजून तपकिरी झाला आहे. आई रोज संध्याकाळी तिथे रजईखाली झाकणाच्या वाटीत भात ठेवते. घरचं माणूस अजून यायचं असलं की भात असा उबेला ठेवतात.

यायचं असलं की...

"माई, हा बॉयलर माझ्या लग्नाहून जुना आहे," मिस्त्री म्हणाला.

"मग बायको बदललीस का?"

"नाही. तिने नवरा बदलला."

आई हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

मिस्त्रीने नळ्यांतलं पाणी सोडलं. काळंकुट्ट. बादली भरली.

"ओतू नकोस ते," आई म्हणाली.

"गंज आहे, माई."

"माहीत आहे. तरी ओतू नकोस."

त्याने ओतलं.

नवा बॉयलर सुरू झाला. डबा गोड आवाजात बोलला, "गरम... सुरू झाले आहे." तासाभरात घर भट्टीसारखं तापलं.

तो कोपरा सोडून.

मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. बर्फ. रजईखालची वाटी उघडली. भाताचा दगड झाला होता.

मिस्त्रीने उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. पडद्यावर सगळी जमीन लाल. मध्येच एक निळा डाग. आम्ही तिघं वाकून बघत होतो. डागाला गुडघे होते. पोटाशी घेतलेले. एक हात गालाखाली...

"हवा अडकली असेल," मिस्त्री म्हणाला.

"हवा कुशीवर झोपते का?" आईने विचारलं.

मिस्त्री बॉयलरच्या खोलीत गेला, आम्ही त्याच्या मागोमाग. त्याने हवेचा नळ सोडला. फुस्स झालं. थांबलं.

मग नळीतून आवाज आला.

टक... टक टक.

"हवाच आहे," मिस्त्री म्हणाला. या वेळी जरा हळू.

आईचा चेहरा मात्र उजळला. माझ्या जन्माआधी बाबा एकदा खाणीत गाडले गेले होते. आत हवा नेणाऱ्या पाइपवर ते ठोकत राहिले. एक, मग दोन. म्हणजे, मी आहे. त्यावरून लोकांनी त्यांना खणून काढलं.

आईने स्वयंपाकघरातून चमचा आणला. नळीवर ठोकला. टक टक.

शांतता.

मग खोलीतून तोच गोड आवाज आला. "बाहेर गेलेत... सुरू झाले आहे."

डब्याजवळ कुणी नव्हतं. आम्ही तिघंही नळीपाशी होतो.

धावत खोलीत आलो. पडद्यावर लाल रंग विझत चालला होता. पाहता पाहता सगळी जमीन निळी पडली. एकच जागा लाल होत गेली. तेच गुडघे. तोच हात.

तेव्हा मला बॉयलरचा हिशोब कळला. 'गरम' हे घरात असलेल्यांसाठी. 'बाहेर गेलेत' हे जे गेलेत त्यांच्यासाठी.

मिस्त्री निघाला. कॅमेरा विसरला. शिवाय आमच्या चपला घालून गेला. त्याचे बूट अजून दारात आहेत.

त्यानंतर आमच्या घरात बटणाचं युद्ध सुरू झालं. मी 'गरम' दाबायचो. पाठ वळली की आई 'बाहेर गेलेत'.

"आई, बाहेर सगळं गोठलंय. मरशील अशाने!"

"आणि त्यांना थंडी वाजत नाही?"

"बाबा मेलेत, आई!"

"म्हणून काय, आता गारठून पुन्हा मरायचं?"

मी डब्याखालीच अंथरूण टाकलं, पहारा द्यायला. आठवडाभर दिला. शेवटी डोळा लागला.

सकाळी त्या गोड आवाजानेच जाग आली.

"बाहेर गेलेत... सुरू झाले आहे."

श्वासाची वाफ दिसत होती. माझ्या श्वासाची.

आई त्या कोपऱ्याला लागून झोपली होती. अंगात बाबांचा जाड कोट. एक हात पुढे टाकलेला, कुणाच्या अंगावर टाकावा तसा. मी तिला हाक मारली. हलवलं. पुन्हा हलवलं...

बराच वेळ हलवलं.

मग ती उठली. उठलीच. वर लिहिलंय ना मी.

"भात झाला का रे?" म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

मी 'गरम' दाबलं. घर तापलं. कॅमेरा जमिनीकडे धरला.

आता दोन निळे डाग आहेत.

दुसरा लहान आहे. पहिल्याच्या अंगावर त्याचा हात आहे.

आईचं तसं ठीक चाललंय. लसूण सोलते. जेवत नाही. हात फार गार असतात. मी 'गरम' लावलं की दारात येऊन उभी राहते. नुसती कुडकुडते. 'बाहेर गेलेत' लावलं की मी कुडकुडतो आणि ती गुणगुणते.

कॅमेरा मी स्वयंपाकघराकडे वळवलेला नाही. वळवणारही नाही.

सबब, बॉयलर तयार करणाऱ्या संबंधित विभागास नम्र विनंती करण्यात येते की, 'गरम' व 'बाहेर गेलेत' या दोन बटणांच्या मध्ये 'गेलेत, पण घरातच आहेत' असे तिसरे बटण बसवून मिळावे, जेणेकरून घरातील सर्वांना एकाच वेळी ऊब मिळू शकेल. हिवाळा संपण्यापूर्वी कार्यवाही व्हावी.