हाली की कलदार

कपिलधारच्या देवळाच्या ओवरीत शिवकन्या ओला पदर पिळत उभी होती, तोच वरून हिरव्या रंगाचा थेंब टपकन तिच्या हातावर पडला.

"ओ चितारी! डोळे हायती का न्हाई?"

"हायेत की..." परांचीवरून पंडित हसला. "पन आत्ता कुठं कामाला लागले."

मेला सोलापूरचा, इंग्रजी मुलखातला, आणि जीभ केवढी! ती फणकाऱ्यानं वळली खरी, पण पुढच्या सोमवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. प्रेमात पडली होती, दुसरं काय!

तिचे वडील भगवानअप्पा बीडचे सावकार. पंडितनं मागणी घातली, तसे ते म्हणाले, "रंगावर पोरगी पोसनार का? पेढीवर बस, हुंड्या लिवायला शिक. वरीसभरात हात बसला तर लगीन."

पंडितनं कुंचले विकले आणि बोरू धरला. शिवकन्या रोज ताक घेऊन पेढीवर जाई. आधी तो काहीतरी चावट पुटपुटायचा. मग नुसता हसायचा. दिवाळीनंतर ताक प्यायचंही विसरू लागला.

"करमत न्हाई का हितं?"

"करमतंय की..." तो म्हणायचा, खाली बघून. तिचा जीव तुटायचा.

साखरपुड्याला आठ दिवस उरले आणि सोलापूरच्या पेढीनं पैसे द्यावेत म्हणून लिहिलेली हजाराची हुंडी अंगाशी आली. पंडितनं नुसतं 'रुपये' लिहिलं होतं. 'हाली' लिहायचं राहिलं. इथला रुपया निजामाचा हाली, तिकडचा इंग्रजांचा कलदार, जास्त मोलाचा. सोलापूरकरांनी हजार कलदार मोजले. अप्पांना जवळजवळ दीडशेची खोट! जन्म कलदारात गेलेल्या माणसाच्याच हातून हे व्हायचं.

अप्पा तापले, 'चालता हो' म्हणाले. दुसऱ्या दिवशी निवले. शिवकन्या धावतच पेढीवर आली; पंडित चोपड्या हवाली करायला आला होता.

"तीन वर्सं बिनपगारी राबा म्हनतेत. मंग लगीन."

"राबतो," तो लगेच म्हणाला.

"खरं सांगा... 'हाली' लिवायचं चुकूनच राह्यलं ना?"

"चुकूनच, आईशप्पत. पन अप्पा चालता हो म्हनले, तवा..." त्यानं कानावरचा बोरू काढून ठेवला. "लई बरं वाटलं."

हा माणूस आपल्यापायी जन्मभर इथं बसेल, हे तिला ठाऊक होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

"मंग जावा."

"संगं येता?"

"अप्पाला माझ्याबिगर कोन हाय? लई जीव हाय तुमच्यावर... म्हनून जावा."

तो गेला. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "कशापायी गेला गं?"

"मीच लगीन नको म्हनले," ती म्हणाली, आणि भाकरी थापता थापता हमसून रडली.