चौथं चाक

चष्म्याचा स्क्रू पडला नसता, तर ती त्या दुकानात कधीच शिरली नसती. चष्मेवाल्याचं दुकान बंद होतं आणि शेजारच्या काचेमागे करंगळीएवढी बस उभी होती. आत एक माणूस भिंगातून बघत त्याच बसच्या जुळ्या बहिणीला दार बसवत होता.

"तुमच्याकडे बारीक स्क्रू असेल?"

"स्क्रू आहे," तो मान वर न करता म्हणाला. "चिमटा मात्र अडकलाय. सोडला, की दार गेलं."

तिने पर्समधून एक चिमटा काढून पुढे केला. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यांचा ड्रॉवर आवरताना तो हाताला लागला होता आणि का कोण जाणे, पर्समध्येच राहिला होता.

दार चिकटल्यावर त्याने चष्मा नीट करून दिला, पण चिमटा परत करताना उजेडात धरला. "टोकाला निळा रंग आहे. घरात मॉडेलच्या गाड्या कोण बनवायचं?"

"कुणी नाही," ती म्हणाली आणि थांबली. "म्हणजे... एकदा. एक गाडी होती. निळी."

किती दिवसांनी तिला बाबा आठवले होते! तसे ते रोजच आठवत, पण दोन वर्षांच्या आजारपणाने आधीचं सगळं झाकून टाकलं होतं. डोळे मिटले की पलंग, औषधांच्या बाटल्या, उशीला टेकलेला चेहरा. आज पहिल्यांदाच त्यांचे हात दिसले, निळ्या रंगाने माखलेले. तशीच गाडी पुन्हा मिळाली, तर कदाचित हातांच्या वरचा माणूसही दिसेल.

त्याने वही उघडली. गिऱ्हाइकांची नावं तो लिहीतच नसे. 'लाल आगगाडी', 'पंख तुटलेलं विमान' अशी यादी होती. खाली त्याने लिहिलं : 'निळी गाडी'.

मग ती दर गुरुवारी येऊ लागली.

"आज काय आठवलं, निळी गाडी?"

"छत नव्हतं."

"मागच्या गुरुवारी होतं."

"मागच्या गुरुवारी मी घाईत होते."

"म्हणजे आज घाई नाही," असं म्हणून त्याने चहाचा दुसरा कप भरला. तिने पर्स खांद्यावरून उतरवून ठेवली.

एका बाबतीत मात्र ती ठाम होती. गाडीला चाकं तीनच. बाबांनीच सांगितलं होतं, काही गाड्या तीन चाकांच्याच असतात. त्याने जुने कॅटलॉग पालथे घातले, ओळखीच्या संग्राहकांना पत्रं धाडली आणि दोन महिन्यांनी सुट्या भागांचा एक खोका तिच्यासमोर ठेवला.

"तीन चाकं. मोजून घे... घ्या."

तिने झाकणावरचं चित्र बराच वेळ पाहिलं. "ही नाही. हिला पुढे एकच चाक आहे. आमच्या गाडीला पुढे दोन होती, मागे एक."

"मागे मधोमध?"

"नाही. उजवीकडे."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे खोडरबर."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तो हसला नाही. त्याला ते जड गेलं असणार. स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरचा एक धुळकट खोका काढला. झाकणावर बिनछताची निळी गाडी होती.

"ही पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांसमोर आली होती. पण हिला चार चाकं. म्हणून बाजूला ठेवली."

रंगवण्याआधी सगळे भाग साबणाने धुवायचे असतात. गाडी रंगवून झाली होती, चाकं तेवढी राहिली होती. ती सात वर्षांची होती, बेसिनजवळ स्टुलावर उभी. हातातून चाक निसटलं आणि भोकात दिसेनासं झालं. तिचे ओठ थरथरायला लागले. बाबांनी भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कोपरापर्यंत फेस, कपाळावर निळा ठिपका. "अगं, काही गाड्या तीन चाकांच्याच असतात," ते म्हणाले, आणि तिच्याच कंपासमधलं खोडरबर कापायला बसले. हसत होते ते. चांगले धडधाकट, तरुण.

तिने चष्मा काढला आणि पुसत राहिली.

"मी प्रूफं तपासते," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. आणि माझी ही चूक अठ्ठावीस वर्षं..."

"ही कुठे चूक होती?" तो हळूच म्हणाला. मग खोका तिच्याकडे सरकवत, "म्हणजे आता... गुरुवार संपले."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग बाबांचा चिमटा त्याच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवला, तिथली कातरी उचलली, खोका उघडून भागांच्या प्लास्टिकच्या चौकटीतून एक चाक कापलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझ्याकडे राहू दे."

"आणि गाडी?"

"चालेल तीन चाकांवर. खोडरबर आहे?"

त्याने मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने ड्रॉवर चाचपला. "आहे. पण एकच आहे. मला परत लागेल."

"देईन की," ती म्हणाली. "गुरुवारी."