हातोडा मारलेलं लाकूड

टक्… टक्… टक्… भप्प.

शेगडी पेटली आणि दुपारची शांतता मोडली. मी घाईने आतल्या खोलीत डोकावले. चांदणीने नुसती कूस बदलली. चार वर्षांची आहे, पण झोप मांजरीची. ती उठेपर्यंतचा वेळ माझा. चहा उकळेपर्यंत दोन ओळी लिहायच्या, तो निवेपर्यंत अजून दोन.

पातेल्याखाली निळी ज्योत बघितली की मला कौस्तुभचा तळहात आठवतो.

तेव्हा या इमारतीच्या जागी आमची लाकडाची वखार होती. त्याच्याही आधी मिठागर. मुर्ध्याच्या खाडीवरून वारा आला की सागाच्या भुशालाही खारट वास यायचा. बाबा, म्हणजे सगळ्यांचे उत्तमशेठ, सीमेपलीकडून सागाचे ओंडके मागवायचे. त्या देशाचं नाव वखारीत कोणी घेत नसे. नुसतं ‘पलीकडे’ म्हणायचे. पलीकडे बाबांचा माणूस ओंडके निवडायचा आणि प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर आमचा हातोडा मारायचा. हातोड्यावर ‘उ’ कोरलेला. तो उमटला की माल आमचा. इथे आल्यावर हातोडा निळ्या रंगात बुडवून पुन्हा एक ठोका मारायचा. तो मान माझा.

त्या दिवशी ठोका मारून मी बादली ठेवायला वळले, आणि परत बघते तर एक मुलगा नेमका त्याच ओंडक्यावर हात टेकून उभा.

“अहो… रंग ओला आहे.”

त्याने हात उचलला. तळव्यावर निळाशार ‘उ’, उलटा.

“जाईल ना हा?”

“इतक्यात तर नाही. आणि आमच्यात ज्याचा हातोडा त्याचा माल. आता तुम्ही वखारीत जमा.”

“भाव तरी विचारा.”

“भाव ठोकून बघितल्यावर. आतून पोकळ निघालात तर?”

“तर परत पाठवाल?”

“तेच तर करता येत नाही. हातोडा मारला की पोकळ निघालं तरी आपलंच.”

तो हसला, आणि त्याचे कान लाल झाले. जवळच्याच इंद्रलोक वस्तीत आई-वडील, नोकरी दिल्लीला, व्यापार मंत्रालयात नवा अधिकारी. सुट्टीवर आला होता, आईच्या देव्हाऱ्यासाठी फळी हवी होती. दुसऱ्या दिवशी फळी आखूड पडली म्हणून आला. मग लांब पडली म्हणून आला.

“देव्हारा बांधताय की देऊळ?” मी विचारलं.

“देवीवर आहे ते.”

दिल्लीला परत जायच्या आदल्या संध्याकाळी तो आला तेव्हा फळीचं नावही निघालं नाही. त्याने दुसरा हात पुढे केला.

“तो उलटा उमटला होता. हा सुलटा मार ना… नीलम.”

मी हातोडा रंगात बुडवला. ठोका कसला, नुसता टेकवला.

“दुखलं?”

“अजून नाही,” तो म्हणाला.

त्यानंतर पलीकडच्या सरकारने लाकूड अडवलं. त्यांना आपल्याकडून वीज आणि डिझेल हवं होतं. आपल्याला त्यांच्या समुद्रातला गॅस हवा होता. दोघांच्या मध्ये, त्यांच्या बंदरावर, आमचे ओंडके पावसात भिजत पडले. त्या खेपेत बाबांनी होतं नव्हतं ते घातलं होतं. ती आली नाही तर वखार संपणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोलणी करायला जे पथक गेलं, त्यात कौस्तुभ होता.

बाबा म्हणाले, “माल येऊ दे त्याच्या हातनं. मंग लग्नाचं बोलू. मला काय वावडं न्हाय.”

तिकडून त्याचा फोन यायचा.

“आज दिवसभर विजेवरच बोललो. लाकडाचं नाव काढलं की त्यांचे साहेब चहा मागवतात.”

“मग?”

“मग मी चहा पितो. तळहात बघत.”

“रंग गेला असेल एव्हाना.”

“कुठे जातोय…”

एका सकाळी टीव्हीवर दोन झेंडे दिसले, हातात हात दिसले. गॅसचा करार झाला. खाली एक ओळ सरकत गेली. लाकडाचे जुने सौदे रद्द, बंदरावरचा माल तिथल्या सरकारचा. बाबांनी टीव्ही बंद केला नाही. जाहिराती लागल्या तरी बघत राहिले.

कौस्तुभ विमानतळावरून थेट वखारीत आला. बॅग खांद्यावरच.

“ते कलम कोणी सुचवलं?” मी विचारलं.

त्याने बॅग खाली उतरवली.

“कौस्तुभ, कोणी?”

“मी. बोलणी मोडत होती, नीलम. त्यांना काहीतरी जिंकून दाखवायचं होतं. लाकूड सोडलं तर गॅस मिळत होता… लाखो घरांत चूल पेटणार त्यावर. मी नसतं म्हटलं तर दुसऱ्या कोणी म्हटलं असतं.”

“पण म्हटलंस तू. आणि फोनवर चहाच्या गोष्टी सांगत राहिलास.”

“सांगायची बंदी होती.”

बाबा आतून बाहेर आले. आवाज चढवला नाही. हातोडा उचलला, फडक्याने पुसला.

“हातोडा मारलेलं लाकूड सोडलं यानं,” ते मला म्हणाले, त्याच्याकडे न बघता. “तुला काय धरून ठेवनार हाय?”

कौस्तुभ दारापर्यंत गेला आणि थांबला. तळहात उघडून त्याने माझ्यासमोर धरला. रंग कधीच गेला होता. कोरा, घामेजलेला हात.

“पोकळ निघालं तरी आपलंच… तू म्हणाली होतीस.”

बाबा अजून हातोडा पुसत होते, पुसून झाला तरी. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मान वर केली तेव्हा दारात नुसतं ऊन होतं.

वखार गेली. बाबा त्यानंतर फार बोलले नाहीत, आणि फार जगलेही नाहीत. जागेवर टॉवर उभा राहिला. त्यात सातव्या मजल्यावर आमचं घर. धर्मेश, माझा नवरा, प्लायवूडची किचनं बनवतो. चांगला आहे. चहात आलं किती घालायचं हे त्याला सांगावं लागत नाही. घरात सागाची एक फळी नाही. शेगडीला नळातून गॅस येतो. तो पलीकडचाच आहे का, कोण जाणे. मी कोणाला विचारलं नाही.

चहावर साय धरली…

“आई.”

चांदणी उठून आलीय. एका हातात स्केचपेन, दुसऱ्या हाताने आजोबांचा हातोडा फरफटत. हल्ली आम्ही त्याने नारळ फोडतो. त्याची गोष्ट तिला मीच सांगितली होती, ज्याचा हातोडा त्याचा माल, एवढीच. पुढची नाही. तिने त्या ‘उ’वर निळी शाई फासलीय, नाकालाही लागलीय.

“हात दे.”

मी पेन खाली ठेवून हात देते. ती दोन्ही हातांनी हातोडा पेलत माझ्या तळव्यावर टेकवते. जीभ बाहेर, अगदी हळू, मला दुखू नये म्हणून. मग वाकून बघते. उमटलाय. सुलटा.

“आई, आता हा हात कोणाचा?”