डाव्या हाताचं माप

लॅबच्या अरुंद बोळात आम्ही अगदी समोरासमोर आलो. मी बाजूला सरकले, तर तोही त्याच बाजूला सरकला. मी परत इकडे, तर तोही इकडे... माझ्या हातात मापं घ्यायच्या कॅलिपरची पेटी, गळ्यात टेप, बाहेर पावसाची रिपरिप, आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे डुलतोय.

"अहो, एकदाचं ठरवा ना!" मी म्हटलं.

"तुम्ही ठरवा. मी तुमच्यासारखंच करतोय," तो म्हणाला आणि हसला.

दोन्ही गालांवर अगदी सारख्या खळ्या. बाहेर एवढा पाऊस, आणि याच्या शर्टावर एक थेंब नाही, हे मला दिसलं होतं बरं का. पण समोर अशा खळ्या असताना थेंबांचा विचार कोण करतं? मी तरी नाही केला.

माझं कामच माणसं मोजायचं. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, बसल्यावर गुडघा किती उंच येतो, असलं सगळं. घरी वहिनी मला 'फूटपट्टी' म्हणते. "हिला स्थळ दाखवायला न्या, आधी टेप काढेल!" असं तिचं रोजचं चालू असतं. तर अशी हजारो माणसं मोजून, त्यांची सरासरी काढून, आमच्या मॅडमनी एक पुतळा बनवून घेतला होता. गाडी भिंतीवर आदळली तर आतल्या माणसाचं काय होतं, ते बघायला त्याला गाडीत बसवणार होते. हातपाय कमी-जास्त करता यावेत म्हणून सांध्यांत स्क्रू होते. तोंड मात्र कोरं. ना डोळे, ना नाक. कोपऱ्यातल्या खुर्चीत चादर पांघरून तो बसलेला असायचा.

मॅडम नेहमी सांगायच्या, "सगळ्या मापांत सरासरी बसेल असा माणूस जगात नसतो. कुणाचे हात लांब, कुणाची मान आखूड."

आणि हा पठ्ठ्या मापं द्यायलाच आला होता. मी टेप लावली. खांदा जुळला. योगायोग. कोपर जुळलं. मांडी, पोटरी, तळवा... मला पुतळ्याचे आकडे तोंडपाठ होते. एकही आकडा केसभर हलला नाही.

"काय झालं? नापास का?" त्याने विचारलं.

"नाही... जरा जास्तच पास."

"मग उद्या परत येऊ?"

"मापं एकदाच घेतात हो."

"मी मापांसाठी येतो असं कुठे म्हणालो?"

गेले की मी कामातून! तो येऊ लागला. नेहमी दुपारीच, मॅडम जेवायला गेल्या की. मी चहा द्यायची, तो कप नुसता हातात धरून बसायचा. त्याच्या हातात चहा पटकन गार व्हायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"राहतोस कुठे?"

"इथेच. जवळ."

"घरी कोण कोण असतं?"

"हजारो लोक. प्रत्येकाचं थोडं थोडं आहे माझ्यात."

"थापाड्या!" मी म्हटलं. तो हसला नाही. मीच हसले, आणि माझं हसणं त्या खोलीत मला एकटीलाच ऐकू आल्यासारखं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी मी केस नीट विंचरून गेले. प्रेमात पडलेल्या बाईला भीती कळते, पण ती जुमानत नाही.

मग एकदा मॅडमनी पुतळ्याच्या डाव्या गुडघ्यावर वजन आदळवून पाहिलं. धाडकन आवाज झाला, आणि गुडघ्यावर चीर पडली. दुसऱ्या दिवशी तो आला तो लंगडत.

"काय रे, काय झालं?"

"काल काहीतरी आदळलं," तो हळूच म्हणाला. मी त्याची पॅंट गुडघ्यापर्यंत वर सारली. तीच चीर, त्याच जागी. रक्त नव्हतं. मी वळून खुर्चीकडे पाहिलं. चादर खाली सरकली होती, आणि ते कोरं तोंड आमच्याकडे वळलेलं होतं. सकाळी ते भिंतीकडे होतं, हे मला नक्की आठवतं.

"कोण आहेस तू?"

"तूच तर मोजलंस मला." तो खाली बघत राहिला. "तू रोज घरी जाताना ती चादर नीट करतेस. 'झोप आता, राजा, गार लागेल' म्हणतेस. मला तोवर कुणी असं काही म्हटलं नव्हतं... म्हणून आलो."

पळून जायला हवं होतं ना? मी उलट त्याच्या छातीला कान लावला. आत काहीच नव्हतं. रिकाम्या कपाटाला कान लावावा तसं.

"डावीकडचं तुम्ही लोकांनी कधी मोजलंच नाही, मग तिथे काय असणार?" तो म्हणाला.

खरं होतं ते. आमच्यात पद्धतच आहे, मापं फक्त उजव्या बाजूची घ्यायची आणि डावी बाजू तशीच धरायची. वेळ वाचतो. मी टेप उचलली आणि त्याचा डावा हात मोजला. उजव्याइतकाच. केसभरही फरक नाही. खऱ्या माणसाच्या दोन बाजू कधीच अशा सारख्या नसतात. म्हणून तर त्या दोन खळ्या इतक्या सारख्या होत्या, आणि मी वेडी भाळले होते.

"उद्या सकाळी मला गाडीत बसवणार आहेत," तो म्हणाला. "त्यानंतर मी येईन असं वाटत नाही."

"मी नाही बसवू देणार," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण कसं, ते ठाऊक नव्हतं.

घरी गेल्यावर ते सुचलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून माझा डावा हात मोडला होता. तेव्हापासून तो किंचित आखूड आहे, आणि पावसाळी हवेत ठणकतो. वहिनी डाव्या बाह्या वेगळ्या दुमडून देते, तशी चेष्टाही करते. मी माझे दोन्ही हात मोजले आणि झोपले.

सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले. पान्हा घेतला, पुतळ्याच्या डाव्या हाताचा स्क्रू सैल केला, आणि माझ्या दोन हातांत जेवढा फरक होता तेवढा तो हात आखूड केला. मग हातोडीने स्क्रूचं डोकंच ठेचलं, म्हणजे कुणाला तो परत फिरवता येऊ नये. मागून कुणीतरी "आई गं!" म्हणालं. मी वळले. कुणी नव्हतं.

मॅडम आल्या. गाडीत बसवण्याआधी दोन्ही बाजू जुळवून बघायच्या असतात, तशा त्यांनी बघितल्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हा आता कुणाचीच सरासरी नाही! काय उपयोग याचा?"

"मला द्या तो," मी म्हटलं. "आणि मला काढायचं तर काढा."

त्यांनी खरोखरच काढलं, आणि तो बिघडलेला पुतळाही नंतर घेऊन जा म्हणाल्या. मी पेटी उचलली आणि डोळे पुसत बोळात आले. समोरून तो येत होता. नखशिखांत भिजलेला, केसांतून पाणी गळतंय. मी बाजूला सरकले. तो माझ्यासारखा सरकला नाही. आपला आपण दुसरीकडे सरकला, आणि वाट मोकळी झाली. मी मात्र गेलेच नाही.

"हात ठणकतोय गं," तो म्हणाला, आणि हसला. एक खळी दुसरीपेक्षा खोल.

मी त्याच्या छातीला कान लावला. धक्... धक्. अडखळत, नवशिक्यासारखं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी रडत रडत म्हटलं. "काय व्हायचं ते होऊ दे."

आता वर्ष झालं. वहिनीला तो भारी आवडतो. पुतळा आमच्या माळ्यावर आहे, चादर रोज मीच नीट करते. फक्त पाऊस आला की माझा डावा हात आता ठणकत नाही. परवा सहज टेप लावली, तर माझे दोन्ही हात सारखे भरले. केसभरही फरक नाही.

मी त्याला उठवलं. "माझ्या छातीला कान लाव जरा."

त्याने लावला.

"येतंय का ऐकू?"

"येतंय ना," तो म्हणाला, आणि मला घट्ट जवळ ओढलं. "पण माझ्याच छातीतून येतंय. अशीच जवळ राहा, म्हणजे दोघांना पुरेल."