चार टाके

व्यंकोजी शिंप्याने सत्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. शिवाजीनगरात बस स्टँडामागे त्याचं दुकान. ताडपत्र्या, तंबू, गाड्यांची कव्हरं शिवायचा. त्या दुपारी तो रिक्षाच्या टपाला ठिगळ लावत बसला होता, आणि सून विद्याश्री डबा घेऊन आली होती. तिच्या फोनवर नुसतं निळं होतं आणि त्यात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे तिचा नवरा, संतोषकुमार. इंदिरानगरातली चांगली नोकरी सोडून, एवढ्याशा शिडाच्या होडीतून एकटाच कोचीहून मॉरिशसला निघालेला. असल्या शहाण्याला काय म्हणावं.

तीन दिवस तिकडे समुद्र खवळला होता. उपग्रहावरून चालणारा त्याचा फोन आला, तो विद्याश्रीने सासऱ्याच्या कानाला लावला.

"अण्णा, शिडाचा कोपरा उसवतोय."

शीड बापानेच शिवलेलं. "माझी शिवण उसवत नाही. तूच कायतरी ओढाताण केली असशील."

"दोरा तुटत नाहीये, अण्णा. नुसता सरकत निघतोय... गाठच नाही त्याला."

मागे लाटा आदळत होत्या, दरड कोसळावी तशा. व्यंकोजीची सुई थांबली.

त्याला आठवलं. कोपऱ्याचं कापड जाड, मशीनला पेलेना, म्हणून तो हाताने शिवत होता. मध्येच शेजारचे कृष्णमूर्ती गेले. मयताचं कापड शिवून द्यायची रीत व्यंकोजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. त्या दोऱ्याला गाठ मारायची नाही, जीव अडकतो. तोंडापाशी चार टाके मोकळे सोडायचे, ते घरच्या माणसाने शेवटी घालायचे. ते काम उरकून तो घरी आला, आणि त्याच सुईदोऱ्याने, त्याच हाताने, पुन्हा शिडाला बसला.

हे सांगायला हवं होतं. पण म्हातारा खडूस. जन्मात कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, पोरापुढे तर नाहीच.

"मीठ लागलं असेल," तो म्हणाला. "उतरव ते शीड. गारठला असशील, अंगाभोवती गुंडाळून घे नि आत पडून राहा. समुद्र स्वल्प निवळला की बघू."

"सरी अण्णा, तसंच करतो."

फोन बंद झाला. आपण काय बोलून बसलो ते व्यंकोजीला मग कळलं.

"लाव पुन्हा."

"लागत नाही मामंजी. काय झालं?"

"लाव म्हणतो ना."

तासभर ती लावत राहिली. बाहेर बसवाले गावांची नावं ओरडत होते. मग ती हवेत हुंगायला लागली. "समुद्राचा वास येतोय इथे." व्यंकोजीला तो वास ठाऊक नव्हता. पण ताडपत्रीचा तो नव्हता, एवढं त्याला कळत होतं.

चारला फोन आला. मागे लाटा नव्हत्या. काहीच नव्हतं.

"थंडी गेली, अण्णा."

"संतोष, ते शीड काढ अंगावरचं. चूक माझी झाली. मी गाठ मारली नाही. ऐकतोस ना? काढ ते..."

"निघत नाही. पायाकडून शिवत आणलंय... बारीक टाका आहे, तुमच्यासारखा."

"कोण शिवतंय?"

थोडा वेळ नुसता कापडातून दोरा ओढल्याचा आवाज. सर्र... सर्र...

"तोंडापाशी चार टाके सोडलेत, अण्णा. तुमच्यासाठी."

फोन तुटला. पुन्हा लागला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

विद्याश्रीने बोटांनी नकाशा मोठा केला. "ठिपका चालतोय, मामंजी. बघा ना, चालतोय. म्हणजे ठीकच आहेत ना ते?"

शीड उतरवलेली होडी कशाने चालते, हे व्यंकोजीने तिला विचारलं नाही. तो हातातल्या सुईकडे बघत होता. रिक्षाच्या टपासाठी त्याने तिच्यात काळा दोरा ओवला होता. आता तिच्यात पांढरा होता, ओला, चार टाक्यांपुरता. टोकाला गाठ नव्हती.