बिनतारी प्रिंटर आणि काळ्या चिठ्ठ्या

"अहो, मारू नका हो त्याला... म्हातारा आहे बिचारा!"

तिचा उगारलेला हात हवेतच राहिला. लाँड्रीच्या दारात एक उंच मुलगा उभा होता. खांद्यावर जडशी बॅग आणि केसांवर भुरभुर पावसाचे थेंब. जायचं होतं त्याला शेजारच्या औषधाच्या दुकानात, पण घाईत दार चुकला आणि आला तो नेमका हिच्या पुढ्यात. आणि ही? ही काउंटरवरच्या जुन्या प्रिंटरला चापट्या मारत होती!

"मग तुम्हीच समजवा त्याला," ती फणकाऱ्याने म्हणाली. "अर्धी चिठ्ठी छापतो आणि झोपतो. शिवाय ती वायर! काल आई अडखळली तिच्यात. चादरींचा गठ्ठा थेट जमिनीवर."

"मी प्रिंटरच विकतो. बिनतारी. मोबाईलवर बिल करायचं, पावती आपली हवेतून येते."

"हवेतून? आणि वाटेत वाऱ्याने उडाली तर?"

तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, दुसरा गाल जणू सुट्टीवर! कितीतरी वर्षं झाली आता, पण ती एकटी खळी तिला अजून जशीच्या तशी आठवते.

"कोण आहे गं?" आतून, वाफेच्या इस्त्रीपाशी उभ्या आईने विचारलं.

"कोणी नाही, चुकून आलेत!"

"मग बस म्हणावं की नाही माणसाला?"

तो बसला. आणि मग... येतच राहिला.

आईने सगळं तिच्यावर सोपवलं होतं. "दुकान पुढे तुलाच बघायचंय. प्रिंटर तूच निवड, मी तोंड उघडणार नाही." आता आईने तोंड न उघडणं म्हणजे काय चीज असते, ते घरच्यांनाच ठाऊक! पण ती खरंच गप्प राहिली. फक्त तो आला की आत इस्त्रीचा आवाज एकदम बंद व्हायचा.

बाई गं, काय दिवस होते ते! तो बॅगेतून एकेक प्रिंटर काढायचा. हा रुंद कागदाचा, हा कमरेला अडकवायचा, हा एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो. ती प्रत्येकात खोट काढायची. हा फार मोठा. हा फार हलका. ह्याचा रंग... हं, रंगच नको तसला. खरं सांगायचं तर एकदा का प्रिंटर ठरला की ह्याचं येणं संपलं, हे तिला पक्कं माहीत होतं.

एकदा तो म्हणाला, "चला, किती लांबून चालतो ते बघू." ती मोबाईल घेऊन रस्त्यावर उलट्या पावलांनी मागे मागे जात राहिली. तो दुकानाच्या दारातून ओरडत होता, "आली पावती! अजून मागे... आली! अजून..." कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी ती पोहोचली, तेव्हा त्याने दोन्ही हात हलवले. आता पावती येत नव्हती. पण ती तिथेच उभी राहून उगाच बटण दाबत राहिली... लांबून तो एवढासा दिसत होता आणि तरी हसतोय ते कळत होतं.

शेवटी छोटा पांढरा प्रिंटर तिने घेतला. किती दिवस टाळणार?

"मी येत जाईन," तो घाईघाईने म्हणाला. "सर्व्हिसिंगला."

"नव्याकोऱ्या मशीनला सर्व्हिसिंग?"

"सुरुवातीचे दिवस... नाजूक असतात."

नाजूकच निघाले! त्यांच्याकडे आधीपासूनची पद्धत अशी, की एक चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि दुसरी पिनेने कपड्यालाच टोचायची. शेवटची वाफ देईपर्यंत ती तिथेच असायची. शनिवारी दुपारी तिने दांडीवरचे कपडे काढायला घेतले आणि तिचे डोळेच पांढरे झाले. सगळ्या चिठ्ठ्या काळ्याकुट्ट! ना नाव, ना आकडा. कुणाचा शर्ट कुणाचा, काही पत्ता नाही.

आता मात्र आईने तोंड उघडलं. "छान निवडलास हो प्रिंटर. प्रिंटर बघत होतीस की आणखी काही?"

तिने फोन केला. तो अर्धा डबा तसाच टाकून धावत आला. एक काळी चिठ्ठी त्याने उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"ह्या कागदावर गरम करूनच अक्षरं उमटतात. म्हणून वाफ लागली की सगळाच काळा पडतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही चिठ्ठी कुठे लावता, हे मी विचारलंच नाही. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

"मीही सांगितलं नाही. तुम्ही बोलत होतात आणि मी... ऐकत नव्हते."

"मग काय करत होतीस?"

*होतीस.* तिचे कान तापले. उत्तर द्यायच्या ऐवजी तिने एक शर्ट त्याच्या हातात कोंबला. "धरा! लावू या आता."

आणि दोघं लावत बसली. तो कपडा उचलायचा, ती ओळखायची. उजव्या बाहीला खडू, म्हणजे शाळेतले सर. खिशात कायम बडीशेप, म्हणजे डॉक्टरीणबाई. नवी बटणं आणि तीही वेगवेगळ्या रंगांची, म्हणजे नुकताच एकटा राहायला लागलेला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. कोट मात्र तिने ठासून, कपडे न्यायला आलेल्या बँकेतल्या काकांना दिला. काकांनी तो घातला, तर बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात!

"काका वाढतील अजून," तो गंभीरपणे म्हणाला.

आधी काका हसले, मग ती, आणि मग आतून आईसुद्धा. राग असा वाफेसारखा निघून गेला.

संध्याकाळपर्यंत शेवटचा कपडा घरी पोहोचला. मग त्याने पांढरा प्रिंटर उचलून बॅगेत ठेवला.

"तुम्हाला शाईच्या फितीचा लागेल. तोही बिनतारी मिळतो. पण आमची कंपनी बनवत नाही. चौकातल्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा आहे, तो घ्या."

"म्हणजे... तुमच्याकडून काहीच घ्यायचं नाही?"

"नाही."

"साधा कागदसुद्धा नाही?"

त्याने नुसतीच मान हलवली. कुठलंही थातुरमातुर यंत्र गळ्यात मारून तो येत राहू शकला असता की! पण तसा नव्हता तो. बॅग खांद्याला लावली आणि गेला. खळी दिसलीच नाही.

चौकातल्या दुकानात तिने या वेळी सगळं विचारलं. दुकानदाराकडून नमुन्याची चिठ्ठी मागून आणली, पाण्यात बुचकळली, इस्त्रीखाली धरली. अक्षर जागचं हललं नाही. "शिकली माझी पोरगी," आई म्हणाली. नवा प्रिंटर कर्रकर्र करत चिठ्ठ्या छापू लागला. सगळं कसं सुरळीत झालं... आणि तिला मात्र ते सुरळीतपण खायला उठायचं. दारात कुणाची सावली पडली की ती चटकन वर बघायची. असायचं कुणीतरी दुसरंच.

आणि एका सकाळी, तोच! बॅग नव्हती. हातात एक निळा शर्ट.

"हा धुवायचाय."

तिने शर्ट उलटापालटा केला. "हा धुतलेला आहे."

"मग इस्त्री."

"इस्त्रीपण आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही!"

"तुमच्याकडे गिऱ्हाइकाला असंच परत पाठवतात का?"

"घे गं तो शर्ट," आतून आई ओरडली. "किती वेळ उभं करशील?"

ती खाली मान घालून चिठ्ठी छापू लागली. "कधी हवाय?"

"नकोच आहे." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मला फक्त रोज येऊन 'झाला का?' असं विचारायचंय... चालेल?"

तिने चिठ्ठी टर्रकन फाडली, शर्टाच्या कॉलरला टोचली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"उद्या नाही होणार. परवाही नाही," ती म्हणाली. "पण तू ये."

तो शर्ट त्याच्या अंगावर चढला तो थेट लग्नानंतर, आणि तेव्हा तो त्याला गळ्याशी घट्ट होत होता.